अडलेला शब्द आणि केंब्रिजचा स्पीकर : घरशिक्षणासाठी वापरलेल्या एका शब्दकोशाचे परीक्षण

घरी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास घडते, ती म्हणजे त्यांचे डोळे कानांच्या फार पुढे निघून जातात. शाळेच्या वर्गात एखादे मूल धडा मोठ्याने वाचताना अडखळते, बाई त्याला सुधारतात आणि ती सुधारणा उरलेल्या सगळ्या मुलांच्या कानांवर आयतीच पडते. घरी वाचणाऱ्या मुलाला अशी उसनी दुरुस्ती मिळत नाही. ते मनातल्या मनात पानेच्या पाने वाचते, शब्दाचा अर्थ संदर्भावरून बरोबर लावते आणि त्याचा उच्चार मात्र स्वतःच्या अंदाजाने ठरवून पुढे जाते. हा अंदाज चुकलेला असला, तरी तो शब्द तोंडावाटे बाहेर पडेपर्यंत कोणालाही पत्ता लागत नाही.

आमची नऊ वर्षांची मुलगी घरीच शिकते. घरात सगळे मराठी बोलतात आणि इंग्रजी तिला मुख्यतः पुस्तकांतूनच भेटते. आम्ही नवराबायको दोघेही मराठी माध्यमातून शिकलेले असल्यामुळे नेहमीच्या व्यवहारातील इंग्रजी आम्हाला अडत नाही, पण नऊ वर्षांच्या वाचणाऱ्या मुलीला पुस्तकांत जे शब्द भेटतात, त्यांतील अनेक आम्हीही केवळ वाचलेलेच आहेत. अशा घराला बाहेरचा कोणीतरी भरवशाचा आवाज लागतो. त्यासाठी आम्ही बऱ्याच काळापासून केंब्रिज डिक्शनरीचे मोफत संकेतस्थळ वापरत आहोत आणि हे परीक्षण केवळ त्याच एका उपयोगापुरते, म्हणजे वाचताना अडलेल्या शब्दाचा उच्चार मुलाला समजावा यापुरते, लिहिलेले आहे. शब्दार्थ, व्याकरण किंवा परीक्षेची तयारी या दृष्टीने मी त्याकडे पाहिलेले नाही.

हे संकेतस्थळ 1999 पासून चालू आहे. मुळात ते इंग्रजी शिकणाऱ्या परभाषक लोकांसाठी तयार केलेले असल्यामुळे त्यातील व्याख्या सोप्या इंग्रजीत असतात आणि उच्चाराला पानावर पहिले स्थान असते. शब्द टाकला की सर्वांत वर तो शब्द, त्याखाली तो नाम आहे की क्रियापद याची नोंद आणि लगेच दोन छोटे स्पीकर दिसतात. एक ब्रिटिश उच्चाराचा आणि दुसरा अमेरिकन उच्चाराचा. प्रत्येक स्पीकरशेजारी दोन तिरप्या रेघांच्या मध्ये तोच उच्चार आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत छापलेला असतो. बहुतेक पालक स्पीकर दाबतात आणि ती लिपी मुलांसाठी नाही असे समजून सोडून देतात. माझ्या मते या शब्दकोशाचा खरा फायदा त्या सोडून दिलेल्या ओळीतच आहे.

एक उदाहरण जरा सविस्तर देते. ज्वालामुखीवरच्या एका पुस्तकात मुलीला संकट या अर्थाचा मोठा इंग्रजी शब्द भेटला. त्याच्या शेवटी पी-एच-ई ही अक्षरे पाहून तिने तो सरळ ‘कॅटास्ट्रोफ’ असा वाचला. स्पेलिंगकडे बघता तिचा अंदाज तर्कशुद्ध होता. आम्ही शब्द शोधला, पण स्पीकर लगेच दाबला नाही. ध्वनिलिपीतल्या ओळीत अक्षरगटांच्या मध्ये बारीक टिंबे असतात. त्या टिंबांवरून तिने शब्दाचे चार तुकडे मोजले आणि म्हणजेच शेवटचा ‘ई’ मुका नाही, त्याचा स्वतंत्र तुकडा होतो, हे तिच्या तिनेच ओळखले. दुसऱ्या तुकड्याच्या आधी वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ होती. जोर कुठे द्यायचा हे ती रेघ दाखवते. पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्यात उलटा केलेला इंग्रजी ‘ई’ (ə) होता. या खुणा जुळवून तिने ‘क-टॅस्-ट्र-फी’ असे म्हणून पाहिले आणि मग स्पीकर दाबला. आवाजाने तिच्या उत्तरावर शिक्कामोर्तब केले. तो शब्द त्यानंतर पुन्हा शोधावा लागला नाही. स्पीकर आधी दाबलेल्या शब्दांचे तसे होत नाही, ते दोन दिवसांत पुन्हा जसेच्या तसे अडतात.

तो उलटा ‘ई’ मराठी मुलांना शिकवणे फारच सोपे आहे. ‘कमळ’ या शब्दातील ‘क’मध्ये जो ‘अ’ आहे, त्याच्या अगदी जवळचा तो आवाज असतो. इंग्रजीत तो सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर आहे आणि स्पेलिंगमध्ये तो ए, ई, आय, ओ, यू यांपैकी कोणत्याही अक्षरामागे लपलेला असतो. त्यामुळे वाचणाऱ्या मुलाची सर्वांत जास्त फसगतही तोच करतो. मुलीला आम्ही संपूर्ण ध्वनिलिपी शिकवलेली नाही आणि शिकवण्याची गरजही वाटत नाही. जोराची उभी रेघ, उलटा ‘ई’, स्वर लांबवण्याची दोन टिंबे आणि तुकडे पाडणारी बारीक टिंबे एवढ्या खुणांवर तिचे काम भागते. उरलेले कान पाहून घेतात.

आपल्याकडील जुन्या गाइडांमध्ये इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहिण्याची पद्धत होती आणि अनेक पालक अजूनही वहीत तसेच लिहून देतात. देवनागरी उच्चारानुसारी आहे, त्यामुळे हा मार्ग सर्वांत सोपा वाटणे स्वाभाविक आहे आणि ‘बॅट’ व ‘बॉल’ यांसाठी आपल्याकडे चंद्राची सोय आहे ही मोठीच जमेची बाजू आहे. पण पश्चिम दिशा, कंबर, वाया घालवणे आणि ब्रिटिशांकडे बनियन या चार अर्थांचे चार निरनिराळे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायला घेतले की अनेकदा चारही ठिकाणी ‘वेस्ट’ एवढेच उमटते. त्यांपैकी कंबर आणि वाया घालवणे या दोन शब्दांचा उच्चार इंग्रजीतही एकच आहे, पण उरलेले दोन शब्द त्यांच्यापासून आणि एकमेकांपासून वेगळे उच्चारले जातात. लिहिण्याचे पेन आणि वेदना या अर्थाचा शब्द यांचीही हीच गत होते, कारण ऱ्हस्व ‘ए’ आणि लांबत जाणारा ‘ए’ असा भेद आपल्या लिपीत नाही. ध्वनिलिपीच्या ओळीत हा भेद डोळ्यांना दिसतो आणि दोन्ही शब्दांचे स्पीकर एकामागून एक दाबले की कानांनाही कळतो. वहीतली देवनागरी आम्ही बंद केलेली नाही, पण आता तिचा उपयोग फक्त मुके अक्षर लक्षात ठेवण्यापुरता होतो. आय-एस-एल-ए-एन-डी या शब्दासमोर ‘आयलंड’ लिहिणे पुरेसे असते, कारण तिथे प्रश्न केवळ ‘एस’चा आहे. “मग तो लिहितात तरी कशाला?” या प्रश्नाचे उत्तर त्या बेटाच्या शब्दापुरते मजेशीर आहे: तो ‘एस’ मुळात त्या शब्दात नव्हता, पुढच्या काळातील लोकांनी लॅटिनशी नाते जोडण्याच्या हौसेने तो मध्ये घुसवला.

जोर देण्याच्या बाबतीत तर या शब्दकोशाला आमच्यापुरता पर्याय नाही. मराठीत शब्दाच्या कोणत्या भागावर जोर पडला यावरून सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे मराठी कानाला ती गोष्ट ऐकण्याची सवयच नसते. आपण छायाचित्राला ‘फोटोग्राफ’ म्हणतो आणि ते काढणाऱ्याला त्याच चालीवर ‘फोटोग्राफर’ म्हणतो. शब्दकोशात दोन्ही नोंदी उघडल्या की जोराची रेघ पहिल्या तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकलेली दिसते आणि तिच्याबरोबर स्वरही बदलतात, त्यामुळे दुसरा शब्द ‘फटॉग्रफर’च्या जवळ जातो. ‘फोटोग्राफिक’मध्ये ती रेघ आणखी पुढे जाते. मुलीने हे तीन शब्द ओळीने लावून टेबलावर बोटाने ठेका धरला आणि जोर म्हणजे काय हे तिला समजावून सांगण्याचे आमचे काम तिथेच संपले.

दोन स्पीकरांपैकी कोणता वापरावा हा प्रश्न प्रत्येक भारतीय घराला पडतो, कारण भारतीय इंग्रजीचा तिसरा स्पीकर तिथे नाही. आम्ही ब्रिटिश स्पीकर प्रमाण मानतो. त्यामागे साहेबाचे कौतुक नाही, तर मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द मुळात त्याच वाटेने आले आहेत हे साधे कारण आहे. सैन्यातील अधिकाऱ्याला मराठी वर्तमानपत्रे ‘लेफ्टनंट’ म्हणतात. स्पेलिंगमध्ये कुठेही ‘एफ’ नसताना तो ब्रिटिश स्पीकरमध्ये ऐकू येतो आणि अमेरिकन स्पीकर ‘लूटेनंट’ म्हणतो. वेळापत्रकाला आपण ‘शेड्यूल’ म्हणतो, अमेरिकन स्पीकर ‘स्केड्यूल’ म्हणतो. ‘कर्नल’ हा शब्द तर मुलीला आजोबांच्या तोंडून आधीच माहीत होता, पुस्तकातल्या सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल या स्पेलिंगचा आणि त्याचा काही संबंध आहे हे तिला स्पीकर दाबल्यावर कळले. फक्त ‘आर’च्या बाबतीत आम्ही ब्रिटिश आवाजाचे ऐकत नाही. त्या उच्चारात गाडीच्या शब्दातील शेवटचा ‘र’ जवळजवळ गळून पडतो आणि म्हणून ध्वनिलिपीत तो ओळीच्या वर बारीक अक्षरात छापलेला असतो. पुढे स्वर आला तरच तो उच्चारायचा असतो. भारतात सगळे ‘र’ स्पष्ट उच्चारतात आणि नऊ वर्षांच्या मुलीला तो गाळायला लावण्यात काहीही हशील नाही.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव मला अशी वाटते की एकाच स्पेलिंगचे दोन उच्चार असतात, तेव्हा मूल पानाच्या माथ्यावर दिसलेला पहिला स्पीकर दाबते आणि निर्धास्तपणे चुकीचा उच्चार घेऊन जाते. एम-आय-एन-यू-टी-ई हा शब्द याचा उत्तम नमुना आहे. वेळेचे ‘मिनिट’ सर्वांना माहीत असते, पण विज्ञानाच्या पुस्तकात धुळीच्या अतिसूक्ष्म कणांचे वर्णन करताना तीच अक्षरे ‘मायन्यूट’ अशी वाचायची असतात. विशेषणाची ही वेगळी नोंद शब्दकोशात आहे, तिला वेगळा स्पीकरही आहे, पण ती नामाच्या नोंदीखाली आहे आणि तिथपर्यंत पान खाली सरकवायला हवे हे मुलाला कोणी सांगत नाही. अश्रू आणि फाडणे, वारा आणि गुंडाळणे, शिसे आणि पुढे नेणे या जोड्यांमध्येही हाच धोका आहे. यावर उपाय म्हणून मुलीला आम्ही एक शिस्त लावली आहे. स्पीकर दाबण्यापूर्वी त्या नोंदीची व्याख्या वाचायची आणि ती पुस्तकातल्या वाक्यात बसते का ते पाहायचे. ही शिस्त मोडली, तर शब्दकोश मदतीऐवजी चुकीला अधिकृत शिक्का देतो.

दुसरी उणीव रूपांची आहे. पुस्तकात शब्द मूळ रूपात फारसे भेटत नाहीत. भूतकाळी क्रियापद शोधले की शब्दकोश साधारणपणे मूळ क्रियापदाकडे नेतो आणि उच्चारही त्याचाच ऐकवतो. मुलाला नेमके शेवटच्या ‘ई-डी’चे काय करायचे हेच हवे असते. चालण्याच्या क्रियापदात तो ‘ट’ होतो, खेळण्याच्या क्रियापदात ‘ड’ होतो, हवे असण्याच्या क्रियापदात मात्र त्याचा स्वतंत्र तुकडा होऊन ‘वाँटिड’ असे काहीसे ऐकू येते. नियम सोपा आहे. मूळ क्रियापद ‘ट’ किंवा ‘ड’च्या आवाजाने संपत असेल तरच शेवटी स्वतंत्र तुकडा येतो, अन्यथा येत नाही. पण हा नियम पालकालाच सांगावा लागतो आणि तो न सांगितल्यास मूल ‘वॉकेड’, ‘प्लेयेड’ असे बिनधास्त वाचत राहते.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. पानावर जाहिराती असतात आणि त्या हलत असल्या की मुलाचे लक्ष विचलित होते. शब्दकोश मोठ्यांसाठी असल्यामुळे शिव्या व प्रौढ अर्थही त्यात असतात आणि मुलांसाठी वेगळी चाळणी नाही, म्हणून लहान मुलाच्या हाती तो एकट्याने सोपवू नये. इंटरनेट नसेल तर काम अडते. इंग्रजी–मराठी विभागही तिथे आहे, अर्थासाठी तो उपयोगी पडतो, पण उच्चारासाठी मी नेहमी मूळ इंग्रजी विभागच उघडते.

तुलनेसाठी आणखी दोन गोष्टींचा उल्लेख करायला हवा. गुगलच्या शोधात एखाद्या शब्दापुढे उच्चार विचारला की एक छोटी चौकट येते, तिच्यात शब्द सावकाश ऐकण्याची सोय आहे आणि ओठांची हालचाल दाखवणारे चित्रही आहे. सावकाश ऐकवण्याची कळ केंब्रिजकडे नाही, याची उणीव लांबलचक शब्दांना जाणवते. ओठांचे चित्र तर मराठी मुलांना विशेष उपयोगाचे आहे, कारण आपल्याकडे एकच ‘व’ आहे आणि इंग्रजीत दोन. एकात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेही लागत नाहीत. वर सांगितलेल्या ‘वेस्ट’ मंडळींपैकी बनियनला इतरांपासून वेगळे काढणारा फरक हाच आहे आणि तो कानापेक्षा आरशासमोर लवकर कळतो. दुसरा पर्याय अमेरिकेतील मेरियम-वेब्स्टर या शब्दकोशाचा. त्यांच्या खुणा आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच्या नाहीत, त्यांच्या स्वतःच्या आहेत. लांब स्वरावर आडवी रेघ देण्याची त्यांची पद्धत फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचन, शिकलेल्या मुलांना लगेच उमगते, पण ऐकवला जाणारा उच्चार अमेरिकन असतो. ज्या घरातील मूल अमेरिकेत वाढते आहे त्या मराठी घराने अर्थातच तोच वापरावा.

शब्द कधी शोधावा याबद्दलही दोन वाक्ये, कारण उत्तम शब्दकोशही चुकीच्या वेळी उघडला तर वाचनाचा विचका करतो. गोष्ट रंगात आलेली असताना दर ओळीला टॅब्लेट हातात घ्यायला लावणे म्हणजे जेवताना प्रत्येक घासाला पानावरून उठवणे होय. आमच्याकडे अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक टिंब देण्याची पद्धत आहे. प्रकरण संपले की टिंबांचे शब्द एकत्र काढायचे, आधी स्वतः तुकडे पाडायचे, मग शब्दकोश उघडायचा. त्यांतील निवडक शब्द संकेतस्थळाच्या प्लस विभागात यादी करून ठेवता येतात, तिथे मोफत खाते काढावे लागते. ज्या मुलांना अजून अक्षरांचे आवाजच जुळवता येत नाहीत, त्यांना मात्र हा सगळा खटाटोप लवकर आहे. त्यांना मोठ्या माणसाने शेजारी बसून शब्दावर बोट ठेवत वाचून दाखवावे.

मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन. चौथा गुण ध्वनिलिपीतल्या टिंबांचा आणि जोराच्या रेघेचा आहे, केवळ स्पीकरसाठी तीनच दिले असते.

एक विषय राहतो तो विशेषनामांचा. गोष्टींतील आणि भूगोलातील नावे हा वाचणाऱ्या मुलाचा मोठा अडसर असतो आणि सर्वसाधारण शब्दकोश त्या बाबतीत अपुराच पडतो. टी-एच-ने सुरू होणारी नदी ‘टेम्स’ असते, नऊ अक्षरांचे गाव ‘लेस्टर’ किंवा ‘वूस्टर’ एवढेच उरते आणि ‘एडिंबरा’च्या शेवटची अक्षरे कुठे जातात ते कोणालाच सांगता येत नाही. डॅनियल जोन्स यांनी 1917 मध्ये काढलेला इंग्रजी उच्चारांचा कोश याच कामासाठी आहे. तो आजही केंब्रिजकडूनच छापला जातो, त्याची 18 वी आवृत्ती 2011 मध्ये निघाली आणि त्यात माणसांची व गावांची नावे भरपूर आहेत, पण तो विकत घ्यावा लागतो. फुकटात काम भागवायचे असल्यास ‘फोर्वो’ हे संकेतस्थळ पाहावे. तिथे निरनिराळ्या देशांतील सामान्य लोक आपल्या आवाजात शब्द आणि नावे उच्चारून ठेवतात, मराठी शब्दही सापडतात, आणि बोलणारा कोणत्या देशाचा आहे हे प्रत्येक ध्वनिफितीशेजारी लिहिलेले असते. ते लिहिलेले वाचल्याशिवाय बटण दाबू नये. इंग्लंडमधील माणूस ज्या गावाला ‘बर्मिंगम’ म्हणतो, त्याच स्पेलिंगचे अलाबामातील गाव तिथली माणसे ‘बर्मिंगहॅम’ असे पूर्ण उच्चारतात आणि पुस्तकातले गाव कोणत्या देशातले आहे हे मुलालाच पाहून ठरवावे लागते.